हळूमामांची जागा

लिहायची मला सवय नाही. पण हळूमामांबद्दल कोणीच काही लिहिलं नाही, म्हणून हे धाडस.

आमच्या काचेच्या दुकानात ते मुख्य कारागीर होते. मोठी काच दोघं जण उभी धरून नेत, तेव्हा मामा कायम मागच्या टोकाला. तिथून त्यांची हाक चालायची, "हळू... थोडं डावीकडे... हळू!" त्यावरूनच ते नाव पडलं.

त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. सुपरवायझरची जागा रिकामी झालेली. ती मिळाली तर ओझं उचलणं सुटणार होतं. मामी रोज विचारायच्या, "झालं का खुर्चीचं?"

नवे मॅनेजर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, इंग्रजीत म्हणतात, लीड फ्रॉम द फ्रंट. नेतृत्व करायचं तर स्वतः पुढे राहायचं. तुम्ही मागे लपता. तुम्हाला सुपरवायझर कसं करू?"

"साहेब, पुढच्याला रस्ता दिसतो. काच मागच्याला दिसते."

"उद्या पुढे राहा. मी बघायला येतोय."

खुर्चीपायी मामा मुकाट्याने पुढे गेले. एरवी पुढचं टोक धरणारा मी मागे. एका ऑफिसच्या जिन्यात, वळणावर, काचेचा वरचा कोपरा तुळईकडे सरकताना मला दिसला. "थांबा" म्हणायचं होतं. पण वर साहेब उभे, पुढे मामा. एवढ्या मोठ्यांना मी काय सांगणार? कोपरा तुळईला लागला आणि सगळी काच खळकन पायऱ्यांवर. नशिबाने कोणाला लागलं नाही.

"मागे कोण होतं?" साहेब कडाडले.

मामा काचांवरून करकर चालत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"काम माझं होतं, साहेब. ह्याला हाक द्यायला मी शिकवलंच नाही. बोलायचं ते मला बोला."

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. "बसा आता गुडघे चोळत," मामींनी महिनाभर ऐकवलं.

साहेबांच्या त्या इंग्रजी बोलाचा अर्थ मला त्या पायऱ्यांवर कळला, असं वाटतं. चुकतही असेन.

काच फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने पुढचं टोक धरायला गेलो.

"मागे हो," मामा म्हणाले. "आणि आज तोंड उघड, बाबा."

पुन्हा तोच जिना, तेच वळण.

"हळू!" मी ओरडलो.

मामा मान न वळवता जागच्या जागी थांबले.