पगारचिठ्ठीवरची सही

बुटीबोरीच्या एका कारखान्यातून फोन आला, तिथून ही कंपनी सुरू झाली. यंत्रांवर लावायच्या सूचना इंग्रजीतून मराठी आणि हिंदीत करून देण्याचे काम दोन वर्षांपासून आमच्या घरी होत होते. यापुढे व्यक्तीच्या नावाचे बिल चालणार नाही, कंपनी पाहिजे, असे खरेदी विभागाने कळवले.

तेव्हा मी आठवड्यातून तीन दिवस वर्तमानपत्राच्या डेस्कवर जात होतो. उरलेल्या दिवसांत भाषांतर चाले. टायपिंग आणि मुद्रितशोधन बायको करी. ‘चालू यंत्रात हात घालू नका’ या ओळीतला ‘नका’ एकदा माझ्याकडून सुटला होता. तो तिने पकडला. “तीस वर्षं पेपरात काढली तुम्ही,” एवढेच ती म्हणाली.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला दोन संचालक लागतात. दुसरी संचालक कोण, हा प्रश्न नव्हता. विजेचे बिल, घरमालकाचे संमतीपत्र, दोघांच्या डिजिटल सह्या अशी कागदपत्रे गेली. घर माझ्या नावावर असल्याने संमतीपत्र मीच कंपनीला दिले. सुचवलेली पहिली दोन नावे नामंजूर झाली, तिसरे मिळाले. नोंदणीकृत पत्त्यावर कंपनीची पाटी लावावी लागते, म्हणून दूधवाल्याच्या पिशवीसाठी ठोकलेल्या खिळ्यावर पाटी आली आणि पिशवी फाटकावर गेली.

आमच्या सीए बाई वयाने आमच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, “काका, एक लक्षात ठेवा. कंपनीच्या खात्यातले पैसे कंपनीचे. तुम्हाला पाहिजे असतील तर पगार घ्या. नफा उरला तर लाभांश घ्या. पण खिशातून काढल्यासारखे काढू नका.”

“आणि मले?” बायकोने विचारले.

“तुम्हालाही काकू. तुम्ही संचालक आहात.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “मले पगार पाहिजे. पाच तारखेच्या आत.”

कारण मला माहीत होते. तिची आई सावनेरला, तिच्या भावाकडे राहते. भाऊ कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे आणि आईचे सगळे तोच करतो. गुडघ्याची, रक्तदाबाची औषधे दर महिन्याला पाच-सहा तारखेला संपतात. त्यांतला वाटा आपण उचलावा, असे बायकोच्या मनात बरीच वर्षे होते. अडचण आईचीच होती. जावयाच्या घरचा पैसा ती घेत नाही. लेक दिली त्या घरचे पाणी पिताना बायकोची आजी विचार करायची. आईने पाण्यापुरती सूट घेतली, पैशापुरती नाही. एकदा आम्ही औषधे आणून दिली, तर भाऊबीजेला भावाच्या हाती तेवढीच रक्कम परत आली. वरचे सात रुपये सुट्टे.

त्यामुळे पैसे मिळणे पुरेसे नव्हते. ते तिचे असायला हवे होते.

कारखान्याचे पहिले बिल जमा झाले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी कंपनीच्या खात्यातून तिच्या खात्यात पंधरा हजार वळते केले. बँकेच्या अॅपमध्ये ‘तपशील’ असा रकाना येतो. लग्नापासून दर एक तारखेला तिला जे देत आलो, तेच सवयीने लिहिले: घरखर्च.

ती स्वयंपाकघरातून फोन घेऊन बाहेर आली.

“हे काय आहे?”

“पगार.”

“वाचा.”

मी वाचले.

“हे तर तुम्ही मले आजवर देऊनच राहिले,” ती म्हणाली. “आता कंपनीतून देऊन राहिले, एवढाच फरक.” तिने सगळी रक्कम तिथल्या तिथे परत पाठवली. तपशिलात लिहिले: चुकीने आलेली रक्कम.

सीए बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काकूंचं बरोबर आहे. ठराव नाही, चिठ्ठी नाही, आणि खर्च घरचा. मी तरी वहीत हे कुठे टाकलं असतं? बैठक घ्या, ठराव करा.”

तीन तारखेला सकाळी जेवणाच्या टेबलावर संचालक मंडळाची बैठक झाली. दोन्ही संचालक हजर होते. मी दोघांना प्रत्येकी पंधरा हजारांचा पगार सुचवला. ती म्हणाली, भाषांतर तुमचे, तुम्हाला जास्त पाहिजे. मी ‘नका’ची आठवण करून दिली. पगार सारखाच ठरला. इतिवृत्त मी लिहिले आणि सीए बाईंना पाठवले.

त्यांचा लगेच फोन आला. “काका, ‘संचालक क्रमांक दोन यांनी संचालक क्रमांक एक यांना, तुमाले काही समजते का, असे विचारले’ हे इतिवृत्तात नको. फक्त ठराव लिहा.”

“पण ती तसे म्हणाली.”

“म्हणाल्या असतील. बातमी नाही ना लिहायची.”

दुसऱ्या मसुद्यात दोन ओळी उरल्या. पगारचिठ्ठ्या तयार झाल्या. माझ्या चिठ्ठीत व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापलेले होते, तिच्या चिठ्ठीत नव्हते. तेवढ्या पगारावर बायकांना तो कर लागत नाही, असे सीए बाईंनी सांगितले. बायकोने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून शेवटचे आकडे दोनदा वाचले आणि एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या.

पाच तारखेला आम्ही सावनेरला गेलो. भाऊ कामावर गेला होता. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. बायकोने पगारातून काढलेल्या पैशांचे पाकीट आणि स्वतःची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. आईने पाकिटाला हात लावला नाही. चष्मा लावून चिठ्ठी वाचली, अगदी माथ्यावरच्या पत्त्यापासून.

“हा तं तुमच्या घरचाच पत्ता हाय.”

“कंपनी घरीच आहे, आई.”

“अन् खाली सही कोनाची?”

“यांची.”

आईने चिठ्ठी घडी घालून परत केली. “सही जावयाची, मंग पैसा जावयाचाच झाला. ठेव वं बाई तुयाजवळ.”

आपल्या पगारचिठ्ठीवर आपलीच सही चालत नाही, म्हणून तिच्या चिठ्ठीवर माझी होती आणि माझ्या चिठ्ठीवर तिची. हे मी समजावून सांगणार होतो. तेवढ्यात बायकोने फोल्डर उघडला, माझी चिठ्ठी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

“आता हे वाच. हा यांचा पगार. खाली सही पाहा.”

आईने चिठ्ठी खिडकीकडे धरली. लेकीची सही तिला ओळखता येते. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी लेक हीच सही ठोकायची, असे आईने नंतर मला सांगितले.

“म्हणजे त्यायले पगार तू देते?”

“मी सही केल्याबिगर निघत नाही.”

“अन् हे दोनशे काहून कापले त्यायचे?”

“सरकारनं कापले. माझे नाही कापले.”

आई माझ्याकडे पाहून हसली. हातातला लसूण ताटलीत टाकला, पदराला हात पुसले आणि पाकीट उचलून उशीखाली सरकवले.

“बसा जावईबापू,” ती म्हणाली. “जेवूनच जा. पगार कापून आलेत तुम्ही.”

तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही चिठ्ठ्या सावनेरला जातात. तिची चिठ्ठी दाखवायला, आणि माझी चिठ्ठी लेकीची सही तपासायला.