तांडेलांचा रेडिओ

तारकर्लीला आमच्या वाडीत तेव्हा एकच रेडिओ होता, म्हाताऱ्या तांडेलांचा. तरुणपणी ते गलबतं हाकत. रेडिओवर लेकीनं विणलेलं झाकण, आणि एरियलची तार खिडकीतून थेट माडापर्यंत. वाडीत वीज नव्हती, सगळा खेळ बॅटरीवर. संध्याकाळी हवामानाचा इशारा ऐकायचा आणि वादळ असेल तर किनाऱ्यावरच्या बांबूवर तांबडं फडकं चढवायचं, हा तांडेलांचा नेम. फडकं नसलं की पहाटे होड्या निघत.

मुंबईतल्या एका आगबोट कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. परीक्षेत साहेब एक इंग्रजी उतारा एकदाच वाचणार, तो ऐकून उत्तरं लिहायची. शाळेत मास्तरांचं इंग्रजी सावकाश, मालवणी चालीचं. साहेबाचं कानावर कधी पडलेलं नव्हतं. म्हणून तांडेलांनी मला सकाळच्या इंग्रजी बातम्या ऐकायची मुभा दिली.

"सायब बोलता की खळ्यात कोंबडी धावतत रे?" ते जाळं विणता विणता हसायचे. "आयक, पण बॅटरी जपान वापर. सांजच्या इशाऱ्याक रवाक होयी."

मी मांडीवर वही घेऊन जमेल ते उतरवायचो. त्या खोलीतला सुकत घातलेल्या जाळ्याचा वास मला अजून येतो.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना तांडेल लेकीकडे मिठबावला गेले. संध्याकाळपर्यंत येणार होते. मी दुपारभर रेडिओ लावला. बातम्या, भाषणं, जे येईल ते. शेवटी इंग्रजीतून इशारा आला: अरबी समुद्रात वादळ, मच्छीमारांनी बाहेर पडू नये. एकही शब्द न गाळता मी तो वहीत उतरवला आणि खूश झालो. त्यानंतर आवाज बारीक होत होत बंद पडला.

तांडेल आले, त्यांनी बटण फिरवलं.

"दुपारी लावलंस काय रे?"

"नाय. सकाळच्यो बातम्यो तेवढ्योच."

"मगे दुकानदारान बॅटरीच खोटी दिल्यान." ते अंगणात जाऊन बराच वेळ वर बघत राहिले. "आभाळ तर निवळ आसा."

इशारा माझ्या वहीत होता. सांगितला असता तर दुपारचं खोटं उघडं पडलं असतं, नवी बॅटरी आली तरी माझं रेडिओ ऐकणं बंद झालं असतं. मी वही मिटून घरी गेलो.

बांबूवर फडकं चढलं नाही. पहाटे शेजाऱ्यांची होडी गेली आणि वादळात सापडून खडकावर फुटली. माणसं पोहून आली. पण त्यांच्या घरातली तेवढी एकच होडी होती. त्या घरातले दोघे भाऊ पोटासाठी मुंबईला गेले आणि घर बंद झालं.

"म्हाताऱ्याक आता दर्यो कळणा नाय," वाडी म्हणू लागली. तांडेलांनी स्वतःच बांबू उपटून गोठ्याला लावला.

परीक्षा मी पास झालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "सायबाचा सगळा कळला मां?"

"होय."

"मगे बरा झाला," म्हणत त्यांनी माझ्या हातात शहाळं दिलं. मी ते तिथंच उभ्यानं प्यायलो आणि निघालो.

तांडेल कधीच गेले. ती वही मी गेल्या महिन्यात मिठबावला त्यांच्या लेकीला नेऊन दिली आणि सगळं सांगितलं. तिनं पान पाहिलं. म्हणाली, "माका वाचूक येणा नाय. वाडीत जावन सगळ्यांक वाचून दाखव."

उद्या जाणार आहे.