केसरची कुऱ्हाड

केसर मिठागरात वाढली आणि येसाजीच्या मचव्यावर, मीठ वाहणाऱ्या शिडाच्या होडीवर, नांदली. नवरा भला, पण हट्टी असा की खाडीने वाट बदलावी, याने नाही. बापाने मरताना त्याला बजावलं होतं, डोलकाठी उतरवायची ती पावसाळ्यात मचवा किनाऱ्याला ओढल्यावरच. भरल्या मचव्याची काठी आडवी पडली की घरातला कर्ता पुरुष आडवा पडतो. येसाजीने तो शब्द घट्ट धरला.

गाळाने बुजलेला जुना कालवा गावाने उपसून पुन्हा वाहता केला, तेव्हा येसाजीच सगळ्यांत पुढे होता. मग उरणची रेल्वे आली आणि त्याच कालव्यावर बुटका लोखंडी पूल बसला. बाकीचे नावाडी मुकाट्याने काठ्या उतरवू लागले. हा मात्र भरती लागता लागताच, पाणी खाली असताना, पुलाखालून निसटायचा. केसरला दर खेपेला धडकी भरायची.

एकदा मीठ भरायला उशीर झाला. उद्या जाऊ, असं केसर म्हणाली. ऐकेल तो येसाजी कसला! भरतीच्या ओढीने मचवा पुलाखाली शिरला आणि काठीचं टोक दोन तुळयांच्या मध्ये अडकलं. पाणी चढत होतं, मचव्याला वर यायला जागा नव्हती. येसाजी घाबरून मिठाच्या गोणी पाण्यात ढकलू लागला; बुडत्या मचव्यात सगळे हेच करतात. पण हलका झालेला मचवा वर रेटू लागला आणि काठी आणखीच घट्ट बसली. पाणी मचव्याच्या काठावरून आत यायला लागलं. येसाजीने काठीला मिठी मारली. नवरा मचवा सोडून उडी टाकणार नाही, हे केसर ओळखून होती.

तिने कुऱ्हाड उचलली.

“तोडू नको. माझं मरण हाय त्यात.”

“मरण न तोडण्यात हाय,” ती म्हणाली. “हात काढा, न्हायतर हातासकट तोडीन.”

त्याने हात काढले. तिने रडत रडतच घाव घातले. काठी कडाडून मोडली, मचवा उसळला आणि पुलापलीकडे वाहत निघाला.

त्यानंतर नवऱ्याला साधा खोकला आला तरी केसरचा जीव कासावीस होई. आपल्याच हाताने आपण याला आडवा केला तर? येसाजीही तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

दसऱ्याला ती मचव्याच्या पूजेचं ताट घेऊन बंदरावर गेली. येसाजीने ताट घेतलं, मचव्यातली कुऱ्हाड पुढे ओढली आणि पहिलं हळदकुंकू कुऱ्हाडीच्या पात्याला वाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, “नवी काठी किती उंच घेऊ, तूच सांग.”