बुर्गीची दुर्बीण आणि लाल टिकली

बुर्गीनं नव्या चुलीचे पैसे दुर्बिणीत घातले, ही बातमी ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या त्या डोंगरी खोऱ्यात दुधाच्या गाडीआधी घरोघर पोचली. आणि दुधाची गाडी तर बुर्गी स्वतःच चालवते!

“एवढ्यात गाय आली असती गं,” शिकारीतला जोडीदार रोमेड म्हणाला.

“गायीला अंधारात कड्यावरचं दिसतं होय रे?”

दुसऱ्याच्या खिशावर बोलायला कुणाला कर भरावा लागत नाही. पण दुखणं बुर्गीचं होतं. तिथं मारलेल्या रानशेळीची शिंगं वसंतात गावच्या सभागृहात टांगतात, सगळ्यांसमोर. मारायची ती म्हातारी, भाकड. लेकुरवाळी मारली, की शिंगांखाली लाल टिकली चिकटलीच. गेल्या साली बापाच्या जुन्या दुर्बिणीवर भरवसा ठेवून बुर्गीनं तिन्हीसांजेला बार काढला आणि टिकली घेऊन बसली. वर, कुणी कुठं शिकार करायची ते ठरवणारा ठेकेदार, म्हातारा आलोइस, सगळ्यांदेखत म्हणाला, “दुसरी लागली तर बंदूक खुंटीला, बाई.” वर्षभर गुत्त्यात एकच चेष्टा: “काय बुर्गी, टिकली निघाली का?” ती चिडायची, म्हणून ते विचारायचे.

शरदात दोघं उतारावर पालथी पडली होती. उजेड सरत आला होता. समोरच्या कड्यावर एकटीच शेळी.

“म्हातारी आहे,” रोमेड आपल्या स्वस्तातल्या दुर्बिणीतून बघत कुजबुजला. “पाठ बघ कशी वाकलीय. मार, नाहीतर जाईल!”

बुर्गीनं बंदूक घेतली, खाली ठेवली, पुन्हा दुर्बीण लावली.

“कास भरलीय.”

“इथून तुला कास दिसते?”

“तुला काय दिसतं?”

“शेळी!”

“नशीब. मला वाटलं, धोंडा दिसत असेल.”

तेवढ्यात खडकाआडून पिल्लू उड्या मारत आलं आणि आईच्या पोटाखाली घुसलं. रोमेडनं तिच्या हातातली दुर्बीण हिसकावली.

“च्यायला! शेपूट हलवतंय गं!”

“दे इकडं.”

“थांब की. पितंय अजून.”

रिकाम्या हातांनी दोघं गुत्त्यात आली, तर टोळकं वाटच बघत होतं. “एवढी महागाची दुर्बीण! मारलं काय मग?”

बुर्गीनं बिअरचा मग आपटला. “गाढवांनो, दुर्बीण मारायला नसते. कुणाला मारू नये, ते कळायला असते. तुमच्यापैकी किती जणांना कळतं, बोला!”

कोपऱ्यातून आलोइस खाकरला. “काय दिसलं होतं?”

“लेकुरवाळी,” रोमेडच आधी बोलला. “मी असतो तर मारली असती.”

म्हाताऱ्यानं मिशा पुसल्या. “शनिवारपासून वरचा कडा बुर्गीचा. आणि टिकलीची चेष्टा बास आता.”

बाहेर पडताना रोमेड घुटमळला. “बुर्गे, रविवारी मोकळी आहेस? आणि... ती दुर्बीण?”

“मी आहे,” बुर्गी म्हणाली. “ती नाही.”