तीन खाचांचं कवच

कुरामोचीच्या नव्या खानावळीच्या दारावर टांगायचं खेकड्याचं कवच फुसाएची मुलगी नात्सुहोच घेऊन आली. ती तिथे वाढपाला लागून दोन महिने झाले होते. कवच परातीएवढं होतं, कडेला शिंपल्यांचे थर चिकटलेले.

"मालक म्हणाले, आईला सांग, गावात नसेल असा भयंकर राक्षस हवा. उद्घाटनाला मच्छीमार सोसायटीचे चेअरमन येणार आहेत."

"काढते की," फुसाए म्हणाली. "भयंकरच काढते."

सुरुगा उपसागराच्या त्या बंदरात लांब तंगड्यांच्या खोल पाण्यातल्या खेकड्याचं कवच वाळवतात, त्यावर राक्षसाचं तोंड रंगवतात आणि दाराला लावतात. रोगराई ते बघून उंबऱ्यावरूनच परत फिरते. ही तोंडं चाळीस वर्षं फुसाएच रंगवत आली होती. फक्त एका माणसाच्या दारासाठी तिने आजवर ब्रश हातात धरला नव्हता, आणि तो होता ट्रॉलरवाला कुरामोची. आता मुलगी त्याच्याकडे कामाला होती, म्हणून नाही म्हणवलं नाही.

तिचा नवरा गिसाकु पिंजरे टाकून खेकडे धरायचा. बंदरासमोर तीनशे मीटर खाली एक डोंगरधार बुडालेली आहे. तिथे दिवस उगवत नाही, पाणी बर्फासारखं, आणि सगळं सावकाश. खेकडा पुरता वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं. दगडांवर झाडांसारखी पोवळी उभी असतात. त्यातलं बोटभर वाढायला एक पिढी जाते. तळ खरवडत ओढलं जाणारं ट्रॉलरचं जाळं तिथून एकदा फिरलं की धार वस्तऱ्याने भादरल्यासारखी होते. "वर आपली एक दुपार," गिसाकु म्हणायचा, "आणि खाली शंभर वर्षं साफ."

त्याने सोसायटीला पटवून धार ट्रॉलरना बंद करून घेतली होती. पोटाशी अंडी धरलेल्या अकरा थोराड माद्यांच्या कवचाच्या कडेला त्याने सगळ्यांसमोर कानशीने तीन-तीन खाचा पाडल्या आणि त्या धारेवर परत सोडल्या. इतक्या वयाची मादी सहसा कवच टाकत नाही, खूण राहते. जिच्या कवचावर तीन खाचा, ती ज्याच्या जाळ्यात येईल त्याने सोडून द्यायची आणि सोसायटीत सांगायचं. हात सगळ्यांनी वर केले. कुरामोचीनेही.

पाच वर्षांत कुणी काही सांगितलं नाही. मग भर सभेत कुरामोची उभा राहिला होता. "धारेवर खेकडेच उरले नाहीत. म्हातारा अंधारात स्वप्नं बघतो आणि आम्ही जाळी वाळत घालून बसायचं?" लोक हसले. गिसाकु सोसायटीची पायरी पुन्हा चढला नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो वारला, ते हसू मनात घेऊनच. आता या महिनाअखेरीला धार खुली करायचं मतदान होतं.

फुसाएने कवच पाण्यात घालून ताठ कुंच्याने घासायला घेतलं. शिंपल्यांचा थर सुटला. खाली एक खाच दिसली. तिने अंगठ्याने चाचपलं. दुसरी. तिसरी. मधली जराशी तिरकी. गिसाकुची कानस कायम उजवीकडे सरायची.

तिने नात्सुहोला हाक मारून कवच तिच्यासमोर धरलं.

"आई, हे चेअरमनकडे घेऊन जाऊ या. आत्ताच," नात्सुहो म्हणाली.

"आणि कुरामोची म्हणेल, कवच माझं नाहीच, म्हातारीने घरातलं जुनं काढलं. नवऱ्यासारखीच भ्रमिष्ट. मग?"

"मग काय करणार?"

"त्याच्याच तोंडून येऊ दे."

"अगं, माझी नोकरी जाईल!"

फुसाएने कुंचा खाली ठेवला. ही पोरगी शहरात न जाता आईसाठी गावात राहिली होती. आजूबाजूला दुसरं काम नव्हतं. "जाईल," ती म्हणाली. "तुला नको असेल तर आत्ता सांग. मी त्याला साधा राक्षस काढून देते."

नात्सुहोने कवचाकडे पाहिलं. मधल्या तिरक्या खाचेवर बोट ठेवलं. "बाबांना कानस कधी धरताच आली नाही," ती म्हणाली आणि उठून रंगांचे डबे घेऊन आली.

फुसाए एरवी कडेचे टवके लांबी भरून बुजवायची. या वेळी बुजवले नाहीत. बसकं नाक काढलं, हनुवटीवरचा मस काढला, वरचा सोन्याचा दात काढला. खाचांभोवती लालभडक रंग दिला आणि खाचा तेवढ्या कोऱ्या ठेवल्या.

उद्घाटनाच्या दिवशी तिने स्वतः शिडीवर चढून कवच बांधलं आणि वर फडकं टाकलं. कुरामोची मद्याचा पेला हातात घेऊन पाहुण्यांना सांगत होता, "दुकानातलं नाही हं! माझ्याच जाळ्यातला माल. गेल्या महिन्यातच मिळाली. एवढी मादी तुमच्या बापजाद्यांनी पाहिली नसेल!"

फुसाएने फडकं ओढलं.

आधी हशा पिकला. "अरे, हा तर मालकच!" कुणीतरी ओरडलं. कुरामोचीही पोट धरून हसला. "वहिनी, कमाल केलीत! माझ्यापेक्षा भयंकर कोण सापडणार?"

चेअरमन नागाकुरा मात्र चष्मा पुसून पुढे झाले आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढले. बोट लावून त्यांनी खाचा मोजल्या. एक, दोन, तीन. मग ते वळले.

"गेल्या महिन्यात, म्हणालास ना?"

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. कुरामोचीचं सगळ्यात शेवटी उतरलं.

"ते... शिंपल्यांत दिसलं नसेल..."

"खाचा दिसल्या नसतील, पण धारेवर खेकडेच उरले नाहीत असं सभेत सांगणारा तूच ना? मग धारेवर सोडलेली ही आली कुठून?"

महिनाअखेरीला हात वर झाले ते धार बंदच ठेवायला. कुरामोचीचा ट्रॉलर हंगामभर धक्क्याला बांधून ठेवायचं ठरलं. नात्सुहोला त्याने उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी काढलं होतं. ती आता तीन गावं पलीकडे मासे साफ करायच्या कारखान्यात जाते, पहाटेच्या बसने. ती परत येईपर्यंत फुसाएचा जीव टांगणीला असतो. पण नात्सुहोने एकदाही 'आपलं चुकलं' म्हटलं नाही.

मतदानानंतर आठवड्याने कुरामोची फुसाएच्या दारात आला. टोपी हातात.

"वहिनी, झालं ते झालं. तेवढं तोंड काढून न्या. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून खाचा मोजतं आणि जातं."

"तूच काढ की. शिडी आहे तुझ्याकडे."

त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. कवच एकदा दाराला लागलं की घरच्यांनी हाताने उतरवायचं नसतं. आपोआप गळून पडेल तेव्हाच. उतरवलं तर रोग घरात शिरतो. त्याची नव्वदीची आई शिडीला हात लावू देत नव्हती.

"बांधलंत तुम्ही, सोडवाल तुम्हीच," तो म्हणाला. "मी माफी मागतो. गिसाकुदादांचीही."

"त्याची सभेत मागायची होतीस. तो असताना." फुसाएने ब्रश पाण्यात बुडवला. "पडेल हो आपोआप. वाट बघ. खाली सगळं सावकाशच असतं, वर तू घाई का करतोस?"

"कधी पडेल पण? कशाने बांधलंय?"

"गिसाकुच्या पिंजऱ्यांची तार उरली होती," ती म्हणाली. "तीनशे मीटर खाली, खाऱ्या पाण्यात बावीस वर्षं राहिलेली. अजून एक ठिपका गंज नाही तिच्यावर."