आमच्या बूथवरचं शून्य

शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. गुप्त मतदान हा भाग तर इतक्यांदा शिकवलाय की खडू हातात घेतला की तोंड आपोआप चालू होतं. मत कुणाला द्यायचं हे दुसरं कुणी ठरवू शकत नाही, नवरा नाही, मालक नाही, पुढारी नाही. या यादीत मुलगीही हवी, हे मला फार उशिरा सुचलं.

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर होते, आणि मनापासून युनियनचे होते. कारखाना कधीच बंद पडला, त्या जागी आता टॉवर आहेत. युनियनवाल्यांच्या छोट्या पक्षाचा उमेदवार मात्र दर निवडणुकीला उभा राही आणि दर वेळी त्याचं डिपॉझिट जाई. बाबांचं मत त्यालाच. आई चिडवायची, "तुमचा माणूस पडला की समजायचं, निकाल लागला." मी कॉलेजात गेल्यावर शिंगं फुटल्यासारखी वाद घालू लागले. म्हणायचे, मत वाया जातं. ते म्हणायचे, "वाया कसं? मोजत्यात की."

दापोडीची खोली सोडून आम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेतला, तेव्हा बाबांचं नावही इकडच्या यादीत आलं. दापोडीच्या बूथवर त्यांच्या उमेदवाराला चाळीसेक मतं तरी पडायची. इथे पहिल्याच लोकसभेला एक पडलं. बूथवार आकड्यांचा कागद घेऊन बाबांचे मित्र दापोडीहून बसने आले होते. हे काका युनियनचे जुने कार्यकर्ते, बाबांशी चाळीस वर्षांची दोस्ती. कागदावर बोट ठेवून ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "एक! राव, हे तुमीच!" बाबाही हसले. गुप्तता वगैरे काही उरली नव्हती, पण त्या एका मताचं दोघांना केवढं कौतुक.

मग काचबिंदूने बाबांची नजर गेली. पुढच्या लोकसभेला त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. अशा माणसासोबत मदतीला एक जण यंत्रापर्यंत जाऊ शकतो. अर्थात मी गेले. त्यांच्या वतीने दिलेलं मत गुप्त ठेवीन, असं लिहिलेल्या कागदावर सही केली. डाव्या बोटाला माझ्या मताची शाई होती, आता उजव्याला त्यांच्या मताची लागली.

त्या वर्षी लढत अटीतटीची होती. एक उमेदवार मला मुळीच नको होता. त्याला पाडू शकेल असा दुसराही काही माझ्या आवडीचा नव्हता, पण दगडापेक्षा वीट मऊ. यावरून आमच्या घरात दोन दिवस धुसफूस चालली होती. "तुम्ही तत्त्व धरून बसलात आणि तो निवडून आला तर?" मी विचारलं होतं. "आला तर आला. म्हणून मी माझं सोडू व्हय?"

पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाबांनी माझ्या कानात चिन्ह सांगितलं. मला ते दिसत होतं, खालून तिसरं. मी वरचं दाबलं, माझ्या त्या मऊ विटेचं. यंत्र वाजलं.

"झालं?"

"झालं, बाबा."

त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला आणि थोपटला. खरं सांगते, तेव्हा मला लाज वाटली नाही. घरी येऊन मी चवीने जेवले. एका आंधळ्या म्हाताऱ्याचं मत कामी लावलं, असंच मला वाटत होतं.

निकालानंतर काही दिवसांनी काका कागद घेऊन आले. उमेदवारांच्या हारजितीचा मी हजारदा विचार केला होता, पण आमच्या बूथवर त्या चिन्हापुढे काय आकडा येईल, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पुनावळे, शून्य. राव, काय तरी घोटाळा हाय. तुमचं कुठं गेलं?"

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. बाबांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नसताना वळवली. मग ते काकांना म्हणाले, "घोटाळा न्हाई. मीच बदललं या खेपेला."

"तुमी?"

"व्हय. कटाळा आला, भाऊ."

काकांनी कागदाची घडी घातली, कपाला हातही न लावता "येतो" म्हणाले आणि गेले. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ट्रे धरून उभी राहिले. त्यानंतर काका आले नाहीत. त्यांचा फोन येणंही थांबलं. बाबा मोबाइल हातातच घेऊन बसायचे.

दिवाळीनंतर विधानसभा आली. सकाळीच मी बाबांचा इस्त्रीचा सदरा काढला. त्यांनी तो चाचपला आणि बाजूला ठेवला.

"तू जाऊन ये. मला आता कुणाला बरुबर न्यायचं न्हाई."

आजवर एकही मतदान न चुकवलेला माणूस. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. मी आजच दापोडीला जाते, काकांना खरं ते सांगते."

"नगं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी फिरलो, एवढंच वाटतंय त्याला. तेवढंच वाटू दे. पोरीनं बापाचं मत फिरवलं, हे कळलं तर तुला परत पोरगी म्हणायचा न्हाई तो."

मग त्यांनी विचारलं, तुझं ओळखपत्र घेतलंस का. मी घेतलं होतं. मी एकटीच लिफ्टने खाली उतरले.