तासलेलं दार

स्वयंपाकघराचं जुनं दार चौकटीसकट काढलं आणि नवं बसवण्याआधी गवंड्याने त्या मोकळ्या जागेत ओळंबा सोडला. दोरी सरळ राहिली. भिंत मात्र खाली येता येता बोटभर आत सरकलेली दिसली.

"काका, दारात खोट नव्हती," तो बाबांना म्हणाला. "भिंतच कललीय. आधी ती तासून सरळ करतो, मग नवी चौकट बसवू."

दार घासायला लागलं की दरवर्षी बाबा रंधा काढायचे आणि "हे दारच वाकडं" म्हणत त्याची कड तासायचे. बाजूला टेकवून ठेवलेलं ते दार मी पाहिलं. वर रुंद, खाली निमुळतं. इतकी वर्षं ते भिंतीच्या मापाने कमी होत गेलं होतं. घरात असंच होतं. जे निमूट तासून घेतं, त्यालाच आपण तासत राहतो. भिंतीला ओळंबा लावून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आई चहा घेऊन आली. एरवी पहिल्या घोटालाच बाबा काहीतरी काढतात. साखर तरी कमी असते, नाहीतर आलं जास्त. आज ते दाराच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मग स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवत म्हणाले, "बस जरा."

आई ट्रे हातात धरून उभीच राहिली.

"का हो," तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?"